एकतिसावी खेळी

मोसल, ४ मार्च १९९३

अबू नवार,

सलाम. तुझं पत्र मिळालं. नवारचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. माझी तब्येत विचारू नकोस, गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे.

आता मुद्द्याचं. तू सरळ माणूस आहेस आणि सरळ विचारलंस, त्यामुळे रागावलेली नाही. माझी भावजय इब्तिहाल चौतीस वर्षांची आहे. माझ्या भावाबरोबर तिचा संसार दोन वर्षं झाला, माझ्याबरोबर अकरा वर्षं. तुझी बायको जाऊन दोन वर्षं होतील, घरात नऊ वर्षांची लेक नवार आहे. तू इब्तिहालला मागणी घातलीस यात वावगं काही नाही. ती तुला हो म्हणेल हेही मला दिसतं, मी काही आंधळी नाही.

पण त्यासाठी मी सही करायची आहे. कोर्टातल्या कारकुनाने मला समजावलं की जवळच्या रक्ताच्या माणसाने 'माझा भाऊ दुरैद मेला आहे असं मी मानते' एवढं लिहून दिलं की इब्तिहाल मोकळी. रक्ताची आता मीच उरले. मे ब्याऐंशीमध्ये, इराणशी युद्ध चालू असताना, मुहम्मराच्या लढाईत तो नाहीसा झाला. त्यानंतर ना पत्र आलं, ना प्रेत. नव्वद साली इराणातून कैद्यांच्या बसगाड्या परत आल्या तेव्हा मी त्याचा फोटो गळ्यात अडकवून तीन दिवस उभी होते. कोणी म्हणालं नाही की याला मेलेला पाहिला.

मी तीस वर्षं पोरींना गणित शिकवते आहे. मधल्या पायऱ्या गाळून उत्तर लिहिलं की शून्य देते. तेव्हा माझ्याकडून तशी सही मागू नकोस. ज्याने त्याला मेलेला पाहिला असा एक माणूस आण, मी उभ्या उभ्या सही करते. नाहीतर इब्तिहाल बसेल आणि मीही बसेन.

तू आमच्याकडे कुब्बा खायला यायचास तेव्हा एवढा धीट नव्हतास. अल्ला तुला सांभाळो.

साहिरा


बगदाद, १९ मार्च

सित साहिरा,

तुमच्या हातावर माझं कपाळ. तुमचं म्हणणं मान्य, सहीचा विषय मी पुन्हा काढणार नव्हतो. हे पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे, आणि ते लिहिलं नसतं तर माझं भलं झालं असतं. चार दिवस कागद पुढे घेऊन बसलो, मग लिहायला घेतलं.

इथे क्लबात नऊ फेऱ्यांची स्पर्धा चालू आहे आणि पंच मी आहे. दिवानियाहून एक माणूस आलाय, मुतशर नावाचा. चाळिशीचा असेल, दिसतो साठीचा. सायकली दुरुस्त करतो. बोलत नाही, चहा देतो तो घेत नाही. सहाव्या फेरीत त्याची गाठ सर्गोनशी पडली. सर्गोन पाटबंधाऱ्याचा इंजिनियर, फार काटेकोर माणूस, पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवतो. मुतशरकडे काळी मोहरी होती. चौथ्या खेळीला त्याने उंट बाहेर काढला. पाचव्या खेळीला, कोणी हाकललं नसताना, तोच उंट परत आपल्या घरी नेऊन ठेवला.

मी तिथेच थांबलो. तुम्हाला कळलं असेलच. ही खेळी पुस्तकात नाही. तुमच्या तळघरात, दुपारच्या झोपेच्या वेळी, तुम्ही आणि दुरैदने ती बसवली होती, आणि मी त्यात किमान चाळीस वेळा हरलोय. तुम्ही तिला 'सरदाब' म्हणायचात, कारण उंट उन्हात डोकावून परत तळघरात येतो. पुढच्या बारा खेळ्याही जशाच्या तशा आल्या.

सर्गोन फसला. तिसाव्या खेळीपर्यंत काळ्याचा डाव जिंकलेला होता. मुतशरने वजिराकडच्या कोपऱ्यातला हत्ती फक्त एक घर सरकवायचा, की संपलं. त्याने तो सरकवला नाही आणि बरोबरी मागितली. सर्गोनने झडप घालून हात पुढे केला.

गोंधळ त्यानंतर झाला. नियमाप्रमाणे दोघांचे खेळ्यांचे कागद मी ताडून पाहिले. एकतिसाव्या खेळीला मुतशरच्या कागदावर लिहिलंय, राजा एक घर. सर्गोनच्या कागदावर लिहिलंय, हत्ती एक घर. पटावर पाहिलं तर राजा सरकलेला आणि हत्ती कोपऱ्यात. सर्गोनचा चेहरा उतरला. म्हणाला की हत्ती पुढच्या घरात उभा मी डोळ्यांनी पाहिला, माझा डाव गेला हे कळलं, म्हणून तर बरोबरी मिळताच घेतली.  मी डाव बरोबरीत नोंदवला आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

मग मी त्याचे आधीचे पाचही कागद काढले. एकाही डावात त्याने तो हत्ती हलवलेला नाही. डाव सुरू होण्याआधी तो हत्तीच्या डोक्यावर दोन बोटं ठेवतो आणि काहीतरी पुटपुटतो. मी जवळ जाऊन ऐकलं. तो म्हणतो, "तू बस, मी आहे."

मुतशर आठ वर्षं पलीकडे, इराणच्या छावणीत कैदी होता. सोबत त्या डावाच्या कागदाची कार्बनची प्रत जोडली आहे.

हाझिम


मोसल, २७ मार्च

हाझिम,

कार्बनची प्रत आज सकाळी आली आणि आमच्या घरात चूल पेटलेली नाही. मी पट काढला. प्रत्येक खेळी लावली. अठराव्या खेळीला तो घोडा काठावर नेतो ना, ती चूक आहे. मी दुरैदला शंभरदा सांगितलं होतं की घोडा काठावर नेऊ नकोस, आणि तो म्हणायचा, "साहिरा, तुला गणित येतं, घोडे येत नाहीत." ही चूक त्याच्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही. त्याने शिकवल्याशिवाय हे कोणाला सुचणं शक्य नाही.

म्हणजे तो लढाईत मेला नव्हता. अकरा वर्षं मला शेजारणी समजावत होत्या, सित, आता पाणी सोडा. बघ आता.

इब्तिहाल पटाजवळ येऊन उभी राहिली. मी तिला हत्ती दाखवला आणि सगळं सांगितलं. तिने कानातली काढून ताटलीत ठेवली आणि कपडे धुवायला निघून गेली. तू तिला दिलेली ती कानातली होती हे मला आत्ता समजलं. मला दोघींसाठी रडू आलं, हे तुला लिहिते, कारण दुसरं कोणाला सांगू?

तू हे न लिहिता गप्प बसू शकला असतास. माझ्या भावाने मित्र नीट निवडला होता. पण आता अर्ध्यावर थांबू नकोस. त्या माणसाला विचार दुरैद कुठे आहे, कोणत्या छावणीत आहे. स्पर्धा संपण्याआधी विचार. त्याला चहा नको असेल तर खजुराचा पाक घालून दे, साखर नाही म्हणून लोक चहा नाकारतात आणि आपण त्यांना गर्विष्ठ समजतो.

आणि तो हत्ती. सर्गोनने खरंच पाहिला का? त्याला कुराणावर हात ठेवून विचार. तो ख्रिस्ती असेल तर त्याच्या पुस्तकावर.

साहिरा


बगदाद, ८ एप्रिल

सित साहिरा,

विचारलं. खजुराचा पाक घालून चहा दिला, तो त्याने घेतला. मी म्हटलं, दुरैद, मोसलचा, उंच, डाव्या भुवईत व्रण. ग्लास त्याच्या हातात होता. तो म्हणाला, "तो बसलाय." कुठे बसलाय म्हणून विचारलं तर परत तेच. मी बहिणीचं नाव सांगितलं, तुम्ही वाट पाहताय असं सांगितलं. त्याने मान खाली घातली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आठवी फेरी होती. समोर एक विद्यार्थी होता, उतावळा. त्याने उंटाने तो कोपऱ्यातला हत्ती मारला. खरं तर डाव अजून लढण्यासारखा होता. पण मुतशर उठला, मुलाच्या हातून तो लाकडी हत्ती काढून घेतला, मुठीत धरला आणि तसाच दाराबाहेर गेला. क्लबाचा तो पट आता एका हत्तीवाचून आहे. नवव्या फेरीला तो आला नाही. दिवानियात सायकलवाला मुतशर कुठे राहतो ते नोंदणीच्या कागदावर आहे, मागे लिहून पाठवतो.

आता जे मागच्या पत्रात लपवलं ते लिहितो. हत्ती सर्गोनने पाहिला, तसा मीही पाहिला. एकतिसाव्या खेळीला मी मुतशरच्या खांद्यामागे उभा होतो. मुतशरचे दोन्ही हात मांडीवर होते. सर्गोन घड्याळाकडे पाहत होता. हत्ती पुढच्या घरात होता. सरकताना मी पाहिला नाही. कोपऱ्यात होता, आणि मग पुढच्या घरात होता. मुतशरची मान ताठ झाली, त्यानेही पाहिलं. मग त्याने घाईने राजा सरकवला आणि बरोबरी मागितली. मी खाली वाकलो तेव्हा हत्ती कोपऱ्यात होता.

वीस वर्षं पंच आहे. मी नोंदीत एकाची बाजू खरी धरली, आणि मला माहीत होतं की दोन्ही कागद खरे आहेत.

या गोष्टीचा अर्थ मला एकच लागतो. तो जिवंत आहे आणि त्याने मला सांगितलं की मी अजून पटावर आहे, माझ्या घराला हात लावू नकोस. म्हणून मी मागणी मागे घेतो. इब्तिहालला माझा सलाम सांगा. कानातली तिने ठेवून घ्यावीत.

हाझिम


मोसल, १७ एप्रिल

अबू नवार,

तुमचं पत्र साहिराने मला वाचून दाखवलं. ती रागावेल म्हणून हे मी काम करते त्या शाळेतून लिहिते आहे.

तुम्ही मागणी मागे घेतली. मला विचारून? दुरैद गेला तेव्हा त्यानेही विचारलं नव्हतं, त्याला सरकारने बोलावलं होतं. साहिराने अकरा वर्षं सही केली नाही तेव्हा तिने विचारलं नाही. आता एक लाकडी हत्ती सरकला म्हणून तुम्ही विचारत नाही. सगळे मिळून माझ्या आयुष्याचा डाव खेळताय आणि मला शेजारी पाणी द्यायला उभं केलंय.

तो जिवंत असेल तर मी त्याची बायको आहे, मरेपर्यंत वाट पाहीन, तक्रार करणार नाही. मेला असेल तर मला रडायचं आहे. मी अजून एकदाही रडलेली नाही, तुम्हाला माहीत आहे? रडले असते तर साहिरा म्हणाली असती, तू त्याला मारलंस.

मी दिवानियाला जाणार आहे. साहिराला सांगितलं, तू येणार असलीस तर ये.

इब्तिहाल


मोसल, ११ मे

हाझिम,

आम्ही जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहिते.

मुतशरचं दुकान म्हणजे बाजारामागच्या गल्लीत एक पत्रा आणि पाण्याची घमेली. आम्ही दोघी काळ्या अबायात दारात उभ्या राहिलो. त्याने मान वर केली आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाला, "तुझं कपाळ त्याच्यासारखं आहे, बहीण." हातातलं चाक त्याने भिंतीला टेकवलं आणि आम्हाला घरात नेलं. बायकोला बाहेर बसायला सांगितलं. तुझा तो लाकडी हत्ती कोनाड्यात होता, त्याने आधी तो माझ्या हातात दिला आणि क्लबाची माफी मागितली.

मग सांगू लागला. मध्ये मी एकदाही बोलले नाही, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

छावणीच्या त्या खोलीत ते बत्तीस जण होते. पट खेळायला मनाई होती. म्हणून प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या रोटीतला घास चावून, मळून, एकेक मोहरं केलं आणि वाळवलं. ज्याची रोटी त्याचं मोहरं. कोणी प्यादं होता, कोणी घोडा. दुरैद कोपऱ्यातला काळा हत्ती होता. डाव दोघे खेळायचे, पण मोहरं हलवताना ज्याचं त्याला विचारायचे, "उठतोस का?" तो हो म्हणाला की हलवायचं. हसायचे म्हणे पोटभर. प्यादी उठायला नकार द्यायची.

मग माणसं कमी होऊ लागली. तेव्हा त्यांनी एक रीत ठरवली. ज्याला पहारेकरी घेऊन गेले आणि ज्याची काही खबर नाही, त्याचं मोहरं आपल्या घरात बसून राहील, त्याला कोणी हलवायचं नाही, कारण त्याला विचारता येत नाही. आणि मेल्याची खबर आली की त्याचं मोहरं पाण्यात भिजवायचं, फातिहाची प्रार्थना म्हणायची आणि ते पाणी सगळ्यांनी घोट घोट प्यायचं. रोटी फेकता येत नाही, आणि प्रेत तर त्यांना मिळत नव्हतं. त्याच्या जागी पटावर खडा ठेवायचा.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात दुरैदला ताप आला. त्याला दवाखान्याच्या खोलीत नेलं. मुतशर तिथे झाडूला होता. चौथ्या दिवशी सकाळी दुरैद गेला. हाझिम, मुतशरने त्याला स्वतःच्या हाताने धुतलं. भुवईतला व्रण सांगितला, आणि डाव्या पायाची जुळलेली बोटं, जी आई, मी आणि इब्तिहाल सोडून कोणाला माहीत नाहीत. शेवटी तो काय बोलला हे मी विचारलं. काही नाही म्हणाला, तापात होता, पाणी मागत होता. मला त्याचं खोटं न बोलणं आवडलं.

मुतशर खोलीत परतला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्या आठवड्यात तीन मोहरी भिजवून झाली होती. तो म्हणाला, "बहीण, चौथा घोट त्यांच्या घशाखाली उतरला नसता. मी म्हटलं, दुसऱ्या छावणीत नेलंय. तेव्हापासून तो बसलाय." सुटून आल्यावरही त्याला ते सांगता येईना. माझ्या गळ्यातला दुरैदचा फोटो त्याने नव्वद साली पाहिला होता. बसमधून उतरला, माझ्यासमोरून गेला आणि बोलला नाही. मी त्याला मारायला उठले होते. इब्तिहालने माझा हात धरला.

मग मी एकतिसाव्या खेळीचं विचारलं. तो म्हणाला की ती पहिली वेळ नव्हती. छावणीतही काही सकाळी हत्ती पुढच्या घरात उभा दिसायचा. बाकीचे एकमेकांवर संशय घ्यायचे, हा गुपचूप परत कोपऱ्यात ठेवायचा. घरी आल्यावर त्याने पट लावणं सोडलं होतं. तुमच्या स्पर्धेला आला तो हे पाहायला, की लाकडाच्या मोहऱ्यांत, परक्या माणसांत तरी तो बसून राहतो का. आधीचे सगळे डाव बसला. त्या डावात, सरदाब लावल्यावर, उठला.

तू त्याचा अर्थ लावलास की तो आपल्या घरावर हक्क सांगतोय. मीही आधी तेच धरून चालले असते. पण मुतशर रडत रडत म्हणाला, "सात वर्षं तो उठतोय आणि मी त्याला खाली बसवतोय." मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला माझंच तोंड दिसलं. त्याने सात वर्षं बसवलं, मी अकरा. दुरैद बिचारा निरोप मागत होता, आणि आम्ही दोघं त्याला बस म्हणत होतो.

त्याने सदऱ्याची शिवण उसवली. आत ते रोटीचं मोहरं होतं, अंगठ्याएवढं, दगडासारखं घट्ट, काळपट. त्यावर वरच्या बाजूला नखाने कंगोरे काढले होते. दुरैदचं नख. मी ते डोळ्यांना लावलं.

दुपारच्या नमाजानंतर आम्ही ते वाडग्यात भिजत घातलं. बराच वेळ काहीच होईना. मुतशरची बायको म्हणाली, गरम पाणी घाला. मी नको म्हटलं, त्याला त्याच्या वेळेने उठू दे. अस्राच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या सुमारास पाणी गढूळ झालं. मग कंगोरे गेले. इब्तिहाल वाडग्यावर वाकून पाहत होती आणि तिथे ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, शेजारच्या बायका दारात जमेपर्यंत. कोणाला काही विचारावं लागलं नाही, त्या आत येऊन बसल्या आणि तिच्याबरोबर रडू लागल्या. आम्ही फातिहा म्हटली. पहिला घोट मुतशरने घ्यावा असं मी म्हटलं, त्याने सात वर्षं राखण केली होती. मग इब्तिहालने घेतला. मग मी. जुन्या पिठाची चव होती, थोडी आंबट. तळाला काही उरलं नाही.

तुझी मागणी तू मागे घेतलीस ते मी मानत नाही. इद्दतचे, विधवेने थांबायचे, चार महिने दहा दिवस ती त्या दुपारपासून मोजते आहे. मौलवी म्हणतात, मरणापासून मोजले तर कधीच संपले. ती ऐकत नाही, आणि मीही तिला सांगणार नाही. त्यानंतर तू ये. मुलीलाही आण. कानातली अजून ताटलीत आहेत.

काल कोर्टात गेले. कारकुनाने छापील कागद पुढे केला, 'मेला आहे असं मी मानते'. मी त्याला म्हटलं, 'असं मी मानते' हे खोडा. तो म्हणाला, सित, मजकूर बदलता येत नाही. मी त्याच्याच पेनने खोडलं आणि सही केली.

माझा भाऊ दुरैद मेला आहे.

साहिरा